काल्याचं कीर्तन कोणी करायचं?

प्रश्न : "हिंदू धर्मात मोठेपण आत्मज्ञानानं ठरतं, जन्मानं नाही, असं लहानपणापासून ऐकत आले. व्यास, वाल्मीकी, विदुर, चोखोबा ही नावं पाठ आहेत. मी वारकरी कीर्तन शिकले, बाहेरगावी करतेही. पण आमच्याच गावच्या सप्ताहात काल्याचं, म्हणजे सप्ताहाची सांगता करणारं कीर्तन मागितलं, तर मंडळींनी आमची आळी कुठली याची आठवण करून दिली. एक जण म्हणाले, 'चोखोबाएवढी भक्ती दाखवा, मग बोलू.' शास्त्राचा खरा निकाल कोणता, जन्म की अनुभव?"

ताई, त्या गृहस्थांचं वाक्य मी तीनदा वाचलं. सगळी गोम त्यातच आहे. पण तिथपर्यंत यायला जरा वळसा पडेल, तेवढा सहन करा.

शास्त्राचा निकाल विचारलात. निकाल दोन आहेत, आणि ते दोन वेगळ्या वह्यांत लिहिलेले आहेत. एक वही मोक्षाची. तिच्यात भाव, ज्ञान, अनुभव एवढंच मांडलं जातं. जात विचारतच नाहीत. दुसरी वही अधिकाराची. वेद कोणी म्हणायचा, देवाला हात कोणी लावायचा, पंगतीत कोणी कुठं बसायचं, ते तिच्यात. तिथं हजार-दीड हजार वर्षं जन्मच मांडला गेला. आम्ही कीर्तनकार पहिली वही वाचून दाखवतो, लोक माना डोलावतात, आणि घरी जाऊन दुसऱ्या वहीप्रमाणे वागतात. म्हणून तुम्हाला वाटतं की लोक खोटं बोलतात. खोटं बोलत नाहीत हो. वही बदलतात.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. आमचं घर न्हाव्याचं. वडिलांचं दुकान म्हणजे पिंपळाखाली एक पेटी, एक आरसा आणि बसायला पोतं. मी आळंदीला राहून शिकलो आणि एकतीस वर्षं कीर्तन करतोय. उमेदीच्या काळात शेजारच्या एका गावात माझं कीर्तन झालं. चांगलं रंगलं. संपल्यावर गावातला एक वयस्कर माणूस पुढं आला, त्यानं माझ्या पायावर डोकं ठेवलं, डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी बाजार होता, वडील तिथं पेटी घेऊन बसले होते. तोच माणूस आला आणि वडिलांना म्हणाला, "ए, आधी माझी कर." वडील त्याच्यापेक्षा मोठे होते. मी शेजारी उभा होतो, त्यानं मला ओळखलंही, "राम कृष्ण हरी महाराज" म्हणाला, आणि मान पुढं करून बसला. त्याला यात काही विसंगत वाटलं नाही. रात्री मी पहिल्या वहीत होतो, सकाळी वडील दुसऱ्या वहीत.

आणि आमचंही सांगून टाकतो, म्हणजे मी सोज्ज्वळ आहे असं वाटायला नको. माझे आजोबा महार-मांगांची हजामत करत नसत. गावानं तसं ठरवलेलं, आणि त्यांनी ते कधी मोडलं नाही. सेना महाराजांचा अभंग मात्र आमच्या घरात रोज म्हटला जाई : "आम्ही वारीक वारीक । करूं हजामत बारीक." त्याचा शेवट आहे "चौवर्णा देऊनि हात । सेना राहिला निवांत." चारही वर्णांना हात देणारा न्हावी आमचा देव, आणि पेटी मात्र वेशीच्या आतच उघडायची.

आता ग्रंथांकडे येतो. सत्यकाम जाबालाची गोष्ट छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात आहे. मुलगा आईला गोत्र विचारतो. ती सांगते, तरुणपणी अनेक ठिकाणी राबत होते, तू कोणत्या गोत्राचा मला ठाऊक नाही; माझं नाव जबाला, तुझं सत्यकाम, तेव्हा सत्यकाम जाबाल म्हण. तो हारिद्रुमत गौतमाकडे जातो आणि जसंच्या तसं सांगतो. गौतम म्हणतात, ब्राह्मण नसलेला असं बोलू शकणार नाही. समिधा आण, तुझं उपनयन करतो. व्याख्यानात ही गोष्ट गुणाचा विजय म्हणून सांगतात. मीही सांगायचो. पण वाक्य पुन्हा नीट पाहा. "खरं बोललास म्हणून तू ब्राह्मण" असाही अर्थ निघतो, आणि "खरं बोललास, म्हणजे तू जन्मानं ब्राह्मणच असणार" असाही निघतो. पहिल्या अर्थात सत्यामुळे ब्राह्मणपण येतं, दुसऱ्यात सत्य हा रक्ताचा पुरावा ठरतो. वेदान्ताचा पाया मानलेल्या ब्रह्मसूत्रांनी आणि त्यांवरच्या शंकराचार्यांच्या भाष्यानं दुसरा अर्थ धरला, शूद्राला वेदाचा अधिकार नाही हे सांगताना याच गोष्टीचा दाखला दिला.

त्या प्रकरणाला अपशूद्राधिकरण म्हणतात, पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात आहे. त्यात आचार्यांना एक अडचण येते. विदुर आणि धर्मव्याध ज्ञानी होते हे महाभारतच सांगतं. मिथिलेच्या बाजारात मांस विकणाऱ्या धर्मव्याधाकडे कौशिक नावाचा ब्राह्मण धर्म शिकायला जातो, ही वनपर्वातली कथा तुम्हाला माहीत असेल. मग शूद्राला ज्ञान होतंच ना? आचार्य म्हणतात, होतं. त्यांना पूर्वजन्मीच्या संस्कारानं झालं, आणि ज्ञान झालं की मोक्षाचं फळ कोणी अडवू शकत नाही. बाकीच्यांनी इतिहास-पुराणं ऐकून ज्ञान मिळवावं. वेदाचा अधिकार मात्र नाही. इतकी स्वच्छ मांडणी दुसरीकडे सापडणार नाही. मोक्ष घे, पोथीला हात लावू नको. याच आचार्यांच्या नावावर मनीषापंचक आहे, ज्यात ज्याची ब्रह्मदृष्टी दृढ झाली तो चांडाळ असो वा द्विज, तोच माझा गुरू असं म्हटलंय. लोक विचारतात, दोन्हींतलं खरं कोणतं? दोन वह्या समजल्या की दोन्ही एकाच नावावर कशी राहिली हे कळतं.

दुसऱ्या बाजूचा सर्वांत कडक ग्रंथ वज्रसूची उपनिषद. लहानसं आहे. ब्राह्मण म्हणजे कोण? जीव? देह? जात? ज्ञान? कर्म? दानधर्म करणारा? एकेक घेतं आणि खोडतं. जातीपाशी आलं की ऋषींची यादीच काढतं : ऋष्यशृंग हरिणीपासून, जांबूक कोल्ह्यापासून, वाल्मीकी वारुळातून, व्यास कोळ्याच्या मुलीपासून, अगस्त्य घड्यातून. जात कुठाय यात? ज्याला आत्म्याचा प्रत्यक्ष अनुभव आहे तोच ब्राह्मण, असा त्याचा निकाल. आणि हे संस्कृतात पडून राहिलं नाही. संत बहिणाबाईंनी ते मराठी अभंगांत आणलं. ही बाई स्वतः ब्राह्मण, आणि गुरू केले तुकोबांना. नवऱ्याला शूद्र गुरू सोसवेना. तिनं मार खाल्ला, तरी देहूला आली. ब्राह्मण कोण हा प्रश्न तिच्यासाठी वादविवादाचा नव्हता, तिच्या पाठीवरच्या वळांचा होता. तिचे ते अभंग कीर्तनात फार कमी लावले जातात. तुम्ही लावा.

आपल्या संप्रदायाचा पाया ज्ञानेश्वरीचा, शके १२१२ चा, म्हणजे १२९० चा. नवव्या अध्यायात माउली म्हणतात, "म्हणौनि कुळ जाति वर्ण । हें आघवेंचि गा अकारण । एथ अर्जुना माझेपण । सार्थक एक." पुढं दृष्टांत : ओहोळ तोवरच ओहोळ, जोवर गंगेला मिळत नाही, खैर आणि चंदन हा भेद तोवरच, जोवर दोन्ही आगीत पडत नाहीत. अठराव्या अध्यायात तर वेदालाच कंजूष म्हणतात : "वेदु संपन्नु होय ठाईं । परि कृपणु ऐसा आनु नाहीं । जे कानीं लागला तिहीं । वर्णांच्याचि." श्रीमंत आहे, पण तीन वर्णांच्याच कानाला लागला. स्त्रीशूद्रांना वगळून राहिलेला तो वेद आता गीतेच्या रूपानं सगळ्यांसाठी बाहेर आला, असा त्यांचा रोख. वाळीत टाकलेल्या संन्याशाच्या मुलानं हे लिहिलंय. पैठणला शुद्धिपत्र मागायला गेलेल्या पोराला जन्माची वही काय असते हे कोणी शिकवायला नको होतं.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याच अठराव्या अध्यायात वर्णांची कर्मं वाटून दिलेलीही आहेत, आणि आपापलं वर्णकर्म सोडू नये हेही आहे. माउलींनी ओहोळ गंगेत नेला. काठावरचे पाणवठे मोडले नाहीत. हे मी फडावर बोललो तेव्हा काही जण रागावले. रागावले तरी ओव्या तिथंच आहेत.

अनुभवाला माप मानणारी मला सर्वांत आवडणारी गोष्ट गोरोबाकाकांची. सगळे संत जमलेत. मुक्ताबाई काकांना म्हणते, तुम्ही कुंभार, तुमचं थापटणं आणा आणि यातलं मडकं कोणतं कच्चं ते सांगा. काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात. कोणी हलत नाही. नामदेव चिडतात. काका म्हणतात, हे कच्चं. ज्याच्याशी देव बोलतो, ज्याच्या हातचा नैवेद्य खातो, तो नामदेव कच्चा! आणि मग त्यांना गुरू करायला विसोबा खेचरांकडे औंढ्या नागनाथाला जावं लागतं. इथं परीक्षक कुंभार, परीक्षा सुचवणारी पोरगी, आणि देवाशी असलेली ओळखसुद्धा उपयोगाची नाही. जन्माचा मागमूस नाही.

मात्र अशी परीक्षा घ्यायला गोरोबाच लागतात, आणि अडचण नेमकी तीच आहे. अनुभव हा, ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच ओवीतला शब्द वापरायचा तर, स्वसंवेद्य. ज्याचा त्याला कळणारा. तहसीलदार त्याचा दाखला देत नाही. जन्म मात्र सगळ्या गावाला ठाऊक असतो. आडनाव विचारलं, फार तर "मूळ गाव कुठलं, पाव्हणे कोण" विचारलं, की दोन मिनिटांत कळतो. रोज वापरायचं माप सोपं लागतं, म्हणून गावानं जन्म धरला. शिवाय ज्यांच्या बाजूनं ते माप झुकायचं, तराजू त्यांच्याच हातात होता. अनुभवाचं माप खुलं सोडलं तर काय होतं तेही आपण बघतोच : भगवी शाल, मोठी गाडी, "मला साक्षात्कार झाला". तो कोण तपासणार?

एक गोष्ट मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आली. एखाद्या खालच्या जातीच्या माणसाचा अनुभव इतका उजळला की झाकता येईना, की लोक काय करतात? त्याचा जन्मच बदलून सांगतात. नामदेव शिंप्याच्या घरचे, तर ते भीमेच्या प्रवाहात शिंपल्यात सापडले. कबीर सरोवरात कमळावर मिळाले. रविदासांनी छाती चिरून आतलं जानवं दाखवलं, म्हणजे मागच्या जन्मीचे ब्राह्मणच. आचार्यांचा विदुरसुद्धा पूर्वजन्मीच्या संस्काराचाच. या गोष्टी प्रेमानं सांगितल्या जातात, त्यांत दुष्टपणा नाही. पण परिणाम बघा : अनुभवानं जन्माला हरवलं असं कधी म्हणायचं नाही, अनुभव दिसला, म्हणजे जन्म तसा असलाच पाहिजे. सत्यकामाच्या वाक्याचा दुसरा अर्थ तो हाच.

आता चोखोबा. त्यांचं नाव तुमच्या तोंडावर फेकलं गेलंय, म्हणून इथं थांबतो.

पंढरपूरला महाद्वारात जाऊन उभ्या राहा. पहिली पायरी नामदेवांची. तिच्यावर पाय द्यायचा नाही, वाकून हात लावायचा आणि ओलांडून आत जायचं. तिथंच समोर चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर खाली गाडले गेले. शके १२६०, म्हणजे १३३८ चा काळ सांगतात. नामदेव तिथं गेले, ढिगाऱ्यातली हाडं कानाला लावू लागले, आणि ज्यांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून वेचून आणली, अशी कथा. समाधी दिली महाद्वारासमोर. आत नाही. जिवंतपणी जिथं थांबवलं, मेल्यावरही तिथंच. आणि पुढं सहाशे वर्षं त्यांच्या भाऊबंदांनी दर्शन तिथपर्यंतच घ्यायचं, पुढं जायचं नाही. हाडं विठ्ठल म्हणतात एवढा अनुभव, त्यानं पहिली वही भरून गेली. दुसऱ्या वहीत एक ओळ हलली नाही.

त्यांचे अभंग एका सुरातले नाहीत हेही लक्षात घ्या. "ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा" सगळ्यांना पाठ. "धाव घाली विठू आता चालू नको मंद । मज मारिती बडवे काही तरी अपराध" हाही गातात, पण चाल इतकी गोड लावतात की मार ऐकूच येत नाही. आणि एक अभंग असा आहे की तो घेताना माझा आवाज बसतो : मी पूर्वजन्मी निळाचा अवतार, कृष्णाची निंदा घडली म्हणून महाराचा जन्म आला, हा विटाळ पूर्वीचं फळ. म्हणजे ज्यानं देव मिळवला त्यानंही जन्माच्या वहीतला हिशेब आपल्या नावावर मान्य केला. घरच्यांनी मात्र केला नाही. त्यांची बायको सोयराबाई विचारते : "देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध ॥ देहींचा विटाळ देहींच जन्मला । सोंवळा तो झाला कवण धर्म." विटाळावाचून कुठला देह झालाय, दाखवा! आणि मुलगा कर्ममेळा तर देवालाच धरतो : "आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥ जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता." बापानं पूर्वजन्माकडे बोट दाखवलं, पोरानं विटेवरच्याकडे. कीर्तनात बाप रोज येतो, पोरगा क्वचित.

मग दुसरी वही बदलली कशी? अनुभवानं नाही. दहा दिवस पोटात अन्न न घेता पडून राहिल्यानं. १ मे १९४७ ला साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण सुरू केलं, १० मे ला सुटलं, विठ्ठल मंदिर सगळ्यांना खुलं झालं. त्याआधी २ मार्च १९३० ला नाशिकला काळारामाच्या दारात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला होता. तो वर्षानुवर्षं चालला, दार उघडलं नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. बाबासाहेबांनी संतांवर घेतलेला आक्षेप आमच्या लोकांना झोंबतो, पण तो वाचायला हवा : देवाच्या दृष्टीनं सगळे सारखे असं संत म्हणाले, माणसं सारखी आहेत असं म्हणाले नाहीत, आणि पहिलं म्हणणं कोणाला जाचत नाही. मी यातलं अर्धं मानतो. सोयराबाई आणि कर्ममेळा वाचल्यावर सगळ्या संतांना एका ओळीत बसवता येत नाही. पण पहिल्या वहीबद्दलचं त्यांचं निदान अचूक आहे. आणि त्याच बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा १९४८ चा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला, हेही विसरू नये.

पुढची ओळ कायद्यानं आणि कोर्टानं बदलली. पंढरपूर मंदिर कायदा १९७३ चा. बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरेचे हक्क त्यानं काढले, खटला चाळीस वर्षं चालला, सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल जानेवारी २०१४ मध्ये आला. त्याच वर्षी मंदिर समितीनं पुजाऱ्यांसाठी सर्व जातींतून अर्ज मागवले, बायकांकडूनसुद्धा. केरळातल्या एका शिवमंदिराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सांगितलं होतं की पूजाविधीचं रीतसर शिक्षण घेतलेला, पात्र असलेला माणूस जन्मानं ब्राह्मण नाही म्हणून त्याला पुजारीपद नाकारता येणार नाही.

"शिक्षण घेतलेला, पात्र असलेला." हे शब्द धरून ठेवा, कारण आता त्या गृहस्थांच्या वाक्याकडे येतो.

"चोखोबाएवढी भक्ती दाखवा." ताई, तुमच्या गावच्या देवळातल्या गुरवाला किंवा भटजींना कधी कोणी विचारलंय का, की बाबा तुला साक्षात्कार झालाय का? नाही. त्याला पूजा येते, बापाची आहे, म्हणून करतो. मागच्या वर्षी काल्याला आलेल्या महाराजांची समाधी-अवस्था मंडळानं तपासली होती का? त्यांची तारीख मिळतेय का आणि पाकीट किती, एवढंच बघितलं. (मला किती देतात ते सगळ्या तालुक्याला माहीत आहे, म्हणून बोलतो.) वरच्याला पाठांतर पुरतं. खालच्याची हाडं विठ्ठल म्हणाली पाहिजेत. अनुभव हे माप ऐकायला उदार वाटतं, पण लावलं जातं फक्त एका आळीला, आणि तिथंही अशा उंचीवर टांगून की हात पोहोचू नये. एवढं करून पोहोचलेल्याला काय मिळालं ते महाद्वारासमोर दिसतंच.

म्हणून "जन्म की अनुभव" या प्रश्नातच तुम्ही अडकू नका, असं माझं मत आहे. मोक्षाच्या वहीत अनुभव असू दे. तिथला कारकून कोणी माणूस नाही. कीर्तनाला, पूजेला, वीणेला माप वेगळं : येतं का? अभंग शुद्ध म्हणता येतो का, प्रमाणं पाठ आहेत का, चाल सुटत नाही ना, निरूपण मूळ चरणावर परत येतं का, आणि वागणूक धड आहे का. हे माप सगळ्यांना सारखं लावता येतं, आणि तपासायला गोरोबाकाका लागत नाहीत. दोन टाळकरी आणि एक पखवाजी बस्स. माझे गुरुजी पोरांना पाठांतराला बसवताना डोळे मिटून ऐकायचे. कोणाचं पोर म्हणतंय ते कळू नये म्हणून, असं आम्हाला वाटायचं. नंतर कळलं, त्यांना दुपारची झोप येत असे. पण चूक झाली की डोळे उघडायचे.

संप्रदायात याची सोय आधीपासूनच आहे, आपण ती वापरत नाही एवढंच. कीर्तनाच्या सुरुवातीला विणेकरी कीर्तनकाराला हार घालतो आणि दोघं एकमेकांच्या पाया पडतात, कोण लहान कोण मोठा हे न बघता. वाळवंटातला तुकोबांचा अभंग ते करायला सांगतो : "वर्ण अभिमान विसरली याति । एकएकां लोटांगणीं जाती." सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीवर टेकवायची नाही, पहारे लावतात. रात्री दोन ते चारचा पहारा कोणाच्या वाट्याला येतो ते आठवा. त्या वेळी आडनाव कोणी विचारत नाही. जागा राहतो का, एवढंच विचारतात. आडनाव आठव्या दिवशी सकाळी आठवतं, हंडी बांधली की.

आणि तेही काल्यालाच आठवावं, याचं मला हसू येतं. काला म्हणजे काय? गोपाळांच्या शिदोऱ्या. कोणाची भाकरी, कोणाचं लोणचं, कोणाचा ताक-भात, सगळं एकत्र कालवून कृष्ण घासातला घास काढून खातो आणि खायला घालतो. उष्टं. ते उष्टं मिळावं म्हणून स्वर्गातले देव यमुनेत मासे होऊन आले, हात धुतील तेव्हा शितं मिळतील म्हणून. आणि कृष्णानं हात पाण्यात धुतलेच नाहीत, घोंगडीला पुसले, असं आपण दरवर्षी सांगतो आणि लोक दरवर्षी हसतात. एका गोष्टीत उष्ट्यासाठी देव मासे होतात. "जोहार मायबाप" मध्ये चोखोबा म्हणतात, "बहु भुकेला झालो । तुमच्या उष्ट्यासाठी आलो." आणि कर्ममेळा म्हणतो, जन्म गेला उष्टं खाता. ही तीन उष्टी एका कीर्तनात आणता आली तर निरूपणाला दुसरं काही लागणार नाही. मी दोनदा प्रयत्न केला. जमलं असं वाटलं नाही. कदाचित मला जमण्यासारखंही नाही.

व्यवहाराचं सांगतो. मंडळाकडे थेट काला मागू नका. आधी लेखी विचारा, कीर्तनकार ठरवण्याचे नियम काय आहेत. नियम नसतात, ते लिहून द्यायला लागलं की निम्मी माणसं गडबडतात. मग म्हणा, पाचव्या दिवसाचं रात्रीचं द्या, ऐका, मग ठरवा. हे माघार घेणं नाही. गावाला कान लावायला एक रात्र द्यायची. त्यातूनही कोणी जातीवरून उघड नाही म्हणालं, तर राज्यघटनेचं १७ वं कलम आहे आणि कायदाही आहे, आणि तो वापरण्यात भक्तीला कमीपणा येत नाही. साने गुरुजी भक्त नव्हते असं कोण म्हणेल?

अभंग कोणता लावावा हे विचारलं नाहीत, तरी सांगतो. सेवेला, म्हणजे निरूपणाच्या मुख्य अभंगाला, "अवघा रंग एक झाला" घेऊ नका. तो ऐकून लोक लगेच खूश होतात आणि सुटतात. "देहासी विटाळ म्हणती सकळ" घ्या. दुसऱ्या चरणावर थांबा, प्रश्न विचारा, आणि उत्तर द्यायची घाई करू नका. पखवाज दोन आवर्तनं चालू द्या.

आणि तारीख ठरली की कळवा. गावात विणेकरी मिळाला नाही तर मी येतो. वीणा मी धरीन.